वरच्या पाहुण्यांची जागा

डोमाजीने मला फसवलं. सानगडीच्या तलावाच्या पाळीजवळ माझं भांड्यांचं गोदाम आहे, लागूनच दुकान आणि घर. गोदाम आणि डांबरी रस्ता यांच्या मधोमध डोमाजीची दहा हात रुंद मोकळी पट्टी आहे. ती पट्टी मला देतो असं त्याने माझ्या बायकोसमोर आणि एका शिकलेल्या सरांसमोर कबूल केलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती भलत्यालाच देऊन मोकळा झाला.

मी साधा माणूस असतो तर सोडून दिलं असतं. पण मी सायकलच्या कॅरिअरवर भांडी बांधून गावोगाव विकत वर आलेला माणूस आहे. भंडाऱ्याच्या भांडेबाजारात मी एखाद्या दुकानाची पायरी चढलो की आतला माणूस आधी स्वतः घोटभर पाणी पितो. अशा मला फसवलं कोणी? रोज दिवेलागणीला अंगणात बादलीभर पाणी ठेवून परग्रहावरच्या पाहुण्यांची वाट पाहणाऱ्या एका बुढ्याने.

डोमाजीचं वय पासष्टच्या पुढे. पहाटे तलावात मासोळ्या धरतो, सकाळी विकतो, दुपारी फाटलेलं जाळं सांधतो. एकटाच राहतो. इथपर्यंत तो चारचौघांसारखा आहे. दिवस कलायला लागला की मात्र त्याची लगबग सुरू होते. अंगणात सडा टाकतो. खाट बाहेर काढून तिच्यावर धुतलेली चादर अंथरतो. निळी प्लास्टिकची बादली भरून ठेवतो, शेजारी तांब्या, तांब्यावर वाटी, वाटीत गुळाचा खडा. कुत्र्याला घरामागे बांधतो, कारण ते नवीन माणसावर भुंकतं. मग धुतलेला सदरा घालून उंबऱ्यावर बसतो. तासभर झाला आणि कोणी आलं नाही, की बादलीतलं पाणी कारल्याच्या वेलाला घालतो, गूळ कुत्र्याला देतो आणि जेवायला उठतो.

मी गोदाम बांधलं त्या वर्षी हे पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं, कुठले तरी नातेवाईक येत असतील.

“मामाजी, कोन येऊन राहिलं?” मी विचारलं.

“वरचे.”

“म्हंजे साकोलीचे?”

त्याने बोट सरळ आभाळाकडे केलं. मी वर पाहिलं. बगळ्यांचा एक थवा चालला होता, बाकी काही नव्हतं.

“तिकडं कोनी राहते का?”

“एवढा मोठा पसारा रिकामा कोन ठेवन गा?” तो म्हणाला. “तू ठेवतं का गोदाम रिकामं?”

मी ठेवत नाही. ते खरं होतं, म्हणून मला राग आला.

“बरं, आले. तर त्याहिले पाय असतीन कशावरून? पानी कायले ठेवता?”

“पाय नसतीन तर हात धुतीन.”

“हात नसले मंग?”

“तोंड तर असन,” डोमाजी शांतपणे म्हणाला. “तोंड नसलेला कोनी एवढ्या दूर येते का? आल्यावर दोन गोष्टी बोलाव्या लागतेत.”

डोमाजीशी बोलताना हे नेहमी होतं. तो जे सांगतो ते खरं नाही हे आपल्याला नक्की माहीत असतं, पण कुठल्या वाक्याला नाही म्हणायचं ते सापडत नाही. बादलीला बोट लावून भोक शोधावं आणि भोक नसावं, तरी खाली ओल असावी, तसं होतं.

त्याचं एक पालुपद आहे. “आला असन, गेला असन.” लाइनमन येऊन गेला का? आला असन, गेला असन. साकोलीची बस गेली का? आली असन, गेली असन. एकदा तलाठी तीन महिने गावात फिरकला नाही म्हणून मी आरडाओरडा करत होतो, तेव्हाही हेच. मी चिडून म्हटलं, “मामाजी, आला असता तर दिसला असता ना.” त्यावर त्याने विचारलं, “तू दिवसभर रस्त्याकडं पाहून राहतं का?” मी म्हटलं, नाही, मला धंदा आहे. “तेच तर,” तो म्हणाला. “सगळ्याहिले धंदा हाय. येनारा येते, उभा राहते, कोनी पाहत नाही. मंग तो जाते. आन मंग आपन म्हनतो, कोनी आलंच नाही.”

वरच्या लोकांबद्दलही त्याचं हेच मत. ते आपल्याला शोधून काढू शकतात का, हा प्रश्नच त्याला पडत नाही. शोधलं असेल, आले असतील, गेले असतील. प्रश्न एवढाच, की ते थांबले का नाहीत.

मागच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी, नुकतं अंधारायला लागलं असताना, तलावावरच्या आभाळात दिव्यांची एक रांग दिसली. वीस-पंचवीस दिवे, एकामागे एक, सरळ ओळीत, आवाज न करता जात होते. अख्खं गाव पाळीवर गोळा झालं. पोरं मोबाइल वर करून उभी, बाया पदर तोंडाला लावून. मीही गल्ला तसाच टाकून गेलो. डोमाजी मात्र आभाळाकडे एकदा पाहून लगबगीने घराकडे निघाला.

“कुठं चालले मामाजी? या ना, पाहा.”

“पाहून काय करू? लगित जन हाये, पंचवीस तरी,” तो चालता चालता म्हणाला. “एक बादली कशी पुरन?”

त्या संध्याकाळी त्याने दोन बादल्या, एक घमेलं आणि माझ्या दुकानाच्या पायरीवरचा माझाच पाण्याचा ड्रम भरून अंगणात मांडला. दुसऱ्या दिवशी पोरांनी मोबाइलवर बातमी दाखवली, की ते कुठल्या तरी कंपनीने सोडलेले उपग्रह होते. मी मुद्दाम जाऊन त्याला सांगितलं.

“असतीन,” तो म्हणाला. “मानसानं सोडलेले असतीन. मानूस येवढं सोडते तर दुसऱ्यानं कायले नाही सोडावं?”

पुन्हा तेच. खाली ओल.

आता मुद्द्याचं. त्याची ती दहा हातांची पट्टी मिळाल्याशिवाय माझ्या गोदामापर्यंत मालाची गाडी येत नाही. गाडी रस्त्यावर थांबते, हमाल डोक्यावरून खोकी आणतात, पितळी भांड्यांना पोचे पडतात आणि पोचे पडलेलं भांडं माझ्याच गळ्यात पडतं. चार वर्षं मी त्या पट्टीच्या मागे लागलो. आधी गोडीने गेलो. मग त्याला तलावासाठी नवा डोंगा बांधून देतो म्हणालो. मग बदल्यात बाजारओळीतली जागा देऊ केली, जिथे त्याचा मासोळ्यांचा धंदा दुप्पट झाला असता. मग रागावलो. सहा महिने बोलणं टाकलं. त्याला ते कळलंच नाही, असं माझी बायको म्हणते. ज्याला भाव वाढवायचा नाही आणि कमीही करायचा नाही, त्याच्याशी सौदा करायचा म्हणजे पाण्याला गाठ मारायची.

“तथं ते उतरतीन,” एवढंच तो म्हणायचा. “गाडी कुठं लावतीन मंग?”

“दहा हातात त्यांची गाडी मावन का?”

“तुही गाडी मावते म्हनतं ना?”

बायको मला म्हणायची, “तुमी कायले त्या बुढ्याच्या नादी लागता? तो तुमाले रोज हरवते आन तुमी रोज जेवत नाही.” आणि मी न जेवलेलं ती त्यालाच नेऊन द्यायची.

शेवटी उन्हाळ्यात एक दिवस मी त्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसलो आणि सरळ म्हटलं, “मामाजी, एकदाचं सांगा. काय केलं तर पट्टी देता?”

त्याने जाळ्यातली गाठ पूर्ण केली, दोरा दाताने तोडला आणि म्हणाला, “ते येनार नाही, हे मले पटवून दे. पट्टी तुही.”

मी तिथल्या तिथे हातावर हात मारला. मला वाटलं, हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात स्वस्त सौदा. जे येणारच नाहीत ते येणार नाहीत, हे सांगायला काय लागतं? कोणी शिकलेला माणूस आणला की झालं.

साकोलीला कॉलेजात विज्ञान शिकवणारे एक सर माझ्याकडून घरची भांडी घेतात. भला माणूस, भाव करत नाही. त्यांना मी रविवारी जेवायला बोलावलं. बायकोने तलावातले झिंगे केले, वर भात, वर वांग्याचं भरीत. डोमाजीलाही बोलावलं. तो धुतलेला सदरा घालून आला, म्हणजे त्याने प्रसंग मानला होता.

जेवणं होईपर्यंत मी दम धरला. मग म्हटलं, “सर, यांना सांगा. दुसऱ्या ग्रहावरचे लोक इथे येऊन गेलेत का? हो की नाही?”

सरांनी हात पुसले, चष्मा पुसला. “असं बघा,” ते म्हणाले, “विश्व इतकं मोठं आहे आणि इतकं जुनं आहे, की दुसरीकडे कुठेच विचार करणारं कोणी नसेल, असं मानणं अवघड आहे.”

डोमाजीने माझ्याकडे पाहिलं. मी झिंग्यांच्या रिकाम्या भांड्याकडे पाहिलं.

“पण,” सर म्हणाले, आणि माझ्या जिवात जीव आला, “अंतरं इतकी प्रचंड आहेत, की आपलं सगळ्यात वेगवान यान घेतलं तरी शेजारच्या ताऱ्यापर्यंत जायला हजारो वर्षं लागतील. इतक्या पिढ्या कोण प्रवास करणार? आणि इतक्या ताऱ्यांमधून नेमका आपलाच शोधणार कसा?”

“ऐकलं का मामाजी?” मी म्हटलं. “येऊच शकत नाहीत.”

“तसं अगदी नाही म्हणता येणार,” सर म्हणाले. “त्यांची संस्कृती आपल्यापेक्षा लाखो वर्षं जुनी असेल, तर त्यांच्याकडे वेळ भरपूर असेल. स्वतः न येता यंत्रं पाठवतील. कदाचित माणूस जन्मायच्या आधीच येऊन गेले असतील. इथे तेव्हा नुसतं जंगल असेल.”

“म्हणजे आलेत?”

“पुरावा नाही.”

“म्हणजे नाही आले.”

“पुरावा नाही, एवढंच म्हणता येतं. पुरावा नाही म्हणजे आले नाहीत, असं होत नाही.”

माझं डोकं फिरलं. मी गेली कित्येक वर्षं पितळ विकतो. पितळ असतं किंवा नसतं. असेलही आणि नसेलही असं पितळ मी कोणाला विकलं असतं तर लोकांनी मला तलावात बुडवलं असतं. “सर,” मी म्हटलं, “तुम्ही दोनदा झिंगे घेतले. मला एक शब्द द्या. हो की नाही?”

“अहो, काय बोलून राहिले,” बायको आतून म्हणाली.

सर बिचारे कानकोंडे झाले. “मला तरी शक्यता फार कमी वाटते,” ते म्हणाले. “अंतर फार आहे हो.”

तेव्हा डोमाजी पहिल्यांदा बोलला. “सर, दूरचं काही वाटत नाही,” तो म्हणाला. “दुरून मानूस येऊन जाते. शेवटचे पन्नास पावलं लगित दूर असते.”

सरांना हे फार आवडलं. त्यांनी खिशातून कागद काढून लिहून घेतलं. मला मात्र त्यात काही हिशेब लागेना. मी विचारलं, शेवटचे पन्नास कशाला?

“सोयरीक कशी होते, सांगतो,” डोमाजी सरांना समजावून सांगू लागला, जणू सर साकोलीचे नसून मंगळावरचे होते. “पाहायले येनारे सरळ घरी येत नाही. आधी पानठेल्यावर उभे राहतेत. पान खातेत, इचारतेत. घर कसं हाय, मानूस कसा हाय. चांगलं ऐकलं तर घरी येतेत. वाईट ऐकलं तर तथूनच मागं फिरतेत. घरच्याले कळतही नाही. वरचेही तसेच. ते काही येडे नाही. आधी वेशीवर थांबून इचारतीन, अथं मानसं कशी हाये?”

“आणि?” सरांनी विचारलं.

डोमाजीने हनुवटीने माझ्याकडे खूण केली. “हा दिवसभर गिऱ्हाइकावर वरडते. तळ्याच्या त्या काठापर्यंत ऐकू येते. ते वेशीवर उभे असतीन आन याचा आवाज आला असन. आले असतीन, गेले असतीन.”

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. आत माझी बायको हसत होती ते मला भांड्यांच्या आवाजातूनही कळलं. आजवर माझ्यावर पुष्कळ आरोप झाले. माप कमी देतो, जुन्याला पॉलिश मारतो. पण अख्ख्या मानवजातीची सोयरीक मोडल्याचा आरोप पहिलाच.

राग आला की माझं डोकं चालतं. बऱ्याच लोकांचं उलट असतं, म्हणून ते नोकरी करतात. मी म्हटलं, “ठीक हाय मामाजी. तुमचंच खरं. ते आले, वेशीवर थांबले, माह्यामुळं मागं फिरले. आता सांगा, एकदा मागं फिरलेली सोयरीक पुन्हा त्या घरी येते का?”

तो सदऱ्याची बाही सरळ करू लागला.

“येते का?”

“नाही,” तो म्हणाला. “नाही येत.”

“मंग ते येनार नाही. पटलं का?”

सर कागद घडी करून खिशात ठेवत होते, ते थांबले. मग डोमाजी म्हणाला, “पटलं गा. बरोबर बोलला तू. सकाळी ये. कागद करून टाकू.”

माझी बायको दारात येऊन उभी होती. तिने हे ऐकलं. सरांनी ऐकलं. म्हणून मी म्हणतो, साक्षीदार आहेत.

त्या संध्याकाळी डोमाजीच्या अंगणात पहिल्यांदाच बादली नव्हती. खाटही आत होती. कुत्रा मोकळा फिरत होता आणि कोणी आलं तर भुंकू की नको हे त्याला समजत नव्हतं. मी ते गोदामाच्या दारातून पाहिलं. जिंकल्यावर माणसाला भूक लागते, मला लागली नाही. बायकोने विचारलं, “बरं वाटून राहिलं का आता?” मी म्हटलं, पित्त झालंय.

सकाळी आठ वाजता मी पेढे घेऊन गेलो. डोमाजी घरी नव्हता. ग्रामपंचायतीसमोर भेटला, सरपंचांबरोबर चहा पीत. हातात कागद होता आणि कागदावर त्याचा अंगठा ओला होता. ती पट्टी त्याने गावाला दान करून टाकली होती. एसटी तिच्यासमोरच थांबते, त्या थांब्यावर निवारा बांधण्यासाठी. वर पत्रा, खाली बसायला सिमेंटचा बाक, आत पाण्याचा माठ. येणाऱ्या-जाणाऱ्याने बसावं.

मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. पंचायतीचा शिपाई आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. पेढ्यांचा पुडा मी रस्त्यावर आपटला. सरपंचांनी दोनदा “मुरलीशेठ, मुरलीशेठ” केलं आणि सोडून दिलं.

“शब्द दिला होता तुमी,” मी म्हटलं.

“देल्ला होता,” डोमाजी म्हणाला. “तुले द्यायलेच निंगालो होतो. मंग वाटेनं एक गोष्ट ध्यानात आली.”

“कोनती?”

“ते मागं फिरले ते काहून? बसायले जागाच नव्हती त्याहिले. म्हनून पानठेल्यावर उभे राहिले. सावलीत बसले असते, पानी पिले असते, तर समोर माहं घर दिसलं असतं. मंग कोनाले इचारायची गरजच नव्हती.”

“कोन?” मी ओरडलो. “कोन ते? वरचे?”

“नाही गा,” तो म्हणाला. “चिखल्याचे.”

आणि मग त्या पंचायतीच्या ओट्यावर, थंड झालेला चहा हातात धरून, डोमाजीने मला सांगितलं. तो पंचविशीत होता. आईबाप नव्हते, घरात एक म्हातारी आत्या. मध्यस्थाने एक स्थळ काढलं होतं, चिखला गावचं. मुलीचा बाप खाणीत कामाला. चार माणसं एसटीने मुलाचं घर पाहायला येणार होती. आत्याने घर सारवलं, वरणभात टाकला. याने सडा घातला, खाट काढली, पाय धुवायला पाणी ठेवलं, धुतलेला सदरा घातला. एसटी आली, चौघं उतरले. उंबऱ्यावरून त्याला ते स्पष्ट दिसत होते. बसायला काही नव्हतं, म्हणून ते पानठेल्यावर उभे राहिले. काहीतरी बोलले. तीच एसटी पुढे जाऊन वळून आली, आणि ते चौघं तिच्यात चढले.

“तुमी जाऊन बोलावलं काहून नाही?” मी विचारलं.

“पाहायचा पोरगा सोता जाऊन बोलावते का?” तो म्हणाला. “घरचा कोनी मोठा मानूस जाते. माह्या घरी कोन होतं?”

त्यानंतर दुसरं स्थळ त्याने पाहू दिलं नाही. आत्या होती तोवर तिला वाटायचं, ते चौघं पुन्हा येतील, रोज पाणी तीच ठेवायची. ती गेल्यावर तो ठेवू लागला. पुढे लोक विचारायचे, कोणासाठी ठेवतोस? कधीच माघारी गेलेल्या चिखल्याच्या माणसांसाठी, असं सांगितलं असतं तर लोक रडले असते किंवा हसले असते. एकदा त्याने आभाळाकडे बोट केलं. लोक नुसते हसले. ते त्याला बरं वाटलं. मग करता करता त्याचाही विश्वास बसला, की कोणीतरी येईल, मग कुठूनही येवो.

“पानठेल्यावर त्याहिले कोनी काय सांगितलं, ते काही कळलं नाही,” डोमाजी म्हणाला. “एक भांडेवाला उभा होता म्हनते तथं. त्याच्याशी बोलले म्हनते.”

आणि त्याने चहा संपवला.

तो भांडेवाला मी होतो. वीस वर्षांचा, सायकल घेऊन. त्याच्या पाच दिवस आधी मी याच डोमाला पाणी भरायचा एक पितळी गुंड विकला होता. पाहुण्यांसाठी घेतोय असं तो म्हणाला होता. आदल्या दिवशी तो गुंड परत घेऊन आला, बुडातून गळतो म्हणून, आणि चारचौघांत माझ्या अंगावर टाकून गेला. गुंड गळत होता. बुडाचं भोक बुजवायला डाग दिलेला होता, ते मला माहीत होतं. म्हणूनच मला जास्त राग आला होता. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या कपड्यातल्या चार माणसांनी पानठेल्यावर मला विचारलं, डोमा कसा माणूस आहे? मी म्हटलं, “घेतलेली वस्तू चार दिवसांनी वापस आनून देते. पोरगी देऊन पाहा, तीही येईल वापस.” आणि सायकलवर टांग मारून पुढच्या गावाला गेलो. संध्याकाळपर्यंत विसरलोही.

हे डोमाजीला माहीत आहे की नाही, मला कळत नाही. चार वर्षं त्याने मला पट्टी दिली नाही ती वरच्यांसाठी, चिखल्याच्यांसाठी की माझ्यासाठी, तेही कळत नाही. मी त्याच्या चेहऱ्याकडे पुष्कळ पाहिलं. डोळ्यात पाहून भाव ओळखणारा मी, मला त्यात काही सापडलं नाही. बायकोला मी अजून काही सांगितलेलं नाही. ती त्याला भाकर नेऊन देते, मी म्हणतो, भाजीही ने.

निवाऱ्याचे खांब आता उभे राहिले आहेत. माझी गाडी आत जाणार नाही ती नाहीच. त्याचं जे व्हायचं ते होवो. माझं म्हणणं वेगळं आहे, आणि ते चिखल्याच्या त्या चार माणसांना आहे. तुमच्यातला एखादा तरी हयात असेल. तुम्ही एवढ्या लांबून एसटीने आलात. समोर सारवलेलं घर होतं, सडा घातलेलं अंगण होतं, दारात माणूस उभा होता. तुम्हाला ते दिसलं नाही असं होणार नाही. मग तुम्ही सायकलवरच्या वीस वर्षांच्या, रागावलेल्या, अनोळखी पोराचं ऐकून माघारी का फिरलात? त्याला ओळखत होतात का? त्याचा गुंड पाहिला होता का? मला उत्तर पाहिजे. सानगडीला या आणि ते डोमाजीसमोर द्या. मी तिथे असेन.